दहापैकी दहा

६ फेब्रुवारी

पुतणीने ही वही दिली आणि म्हणाली, "आत्या, घरात सगळ्यांवर डाफरण्यापेक्षा इथे डाफर." तर घे, डाफरते.

आज संचालकबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मला, आणि समोरच्या वर्गात पोर्तुगीज शिकवतात त्या सरांना. बसा म्हणायचीही तसदी घेतली नाही. म्हणे पुढच्या सत्रापासून संस्थेकडे दुसऱ्या मजल्यावर एकच खोली राहणार. बर्मी आणि पोर्तुगीज, दोन्हींतली एक ठेवायची, एक बंद करायची. पंधरा मार्चला समिती बसेल. तोवर दोघांनी आपापल्या भाषेचा तक्ता भरून द्यायचा. किती अवघड, किती महिने लागतात, शिकून उपयोग काय. अवघडपणाला दहापैकी गुण.

मी विचारलं, "भाषा म्हणजे काय भोपळे आहेत का बाई, तराजूत घालायला?"

"तुम्हाला जमत नसेल तर मी भरते," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, जमतं.

एकोणीस वर्षं मी इथे बर्मी शिकवते. सरांच्या वर्गात चाळीस डोकी, माझ्या वर्गात सहा. पण ती सहा डोकी कशी, ते विचारा. गर्दी काय, बस थांब्यावरही असते.

त्यात या महिन्यात 'उलटा बाक'. ही आमच्या संस्थेची जुनी पद्धत. वर्षातून एक महिना प्रत्येक शिक्षकाने दुसऱ्याच्या वर्गात विद्यार्थी होऊन बसायचं, अगदी पहिल्या धड्यापासून. का, तर शिकणं कसं असतं ते विसरू नये म्हणून. मी दर वर्षी काहीतरी कारण काढून टाळत आले. या वर्षी बाईंनी नेमकं मला पोर्तुगीजमध्ये घातलं आणि सरांना माझ्या वर्गात. वहिनीला मी म्हटलं, बरंच झालं, शत्रूचा किल्ला आतून बघायला मिळेल.

"वन्सं, शत्रू कसले?" वहिनी म्हणाली. "ते बिचारे तुम्हाला बघून जिन्यात भिंतीला चिकटून उभे राहतात."

मग राहू देत की उभे.

८ फेब्रुवारी

गेले पोर्तुगीजच्या वर्गात. वर्ग कसला, बाजार! पहिल्याच दिवशी, पहिल्याच दहा मिनिटांत सरांनी सगळ्यांना बोलायला लावलं. कोणाला काही येत नव्हतं. एक आजीबाई आहेत सत्तरीच्या, फोनवर नातवाशी बोलायला शिकतायत. त्यांनी चार शब्दांच्या वाक्यात पाच चुका केल्या. सर म्हणाले, "वा! कळलं मला." आणि पुढे गेले. दुरुस्ती नाही, काही नाही. मी तिथल्या तिथे हात वर करून चूक दाखवली, तर सर म्हणाले, "होईल हळूहळू." आजीबाईंचं तोंड मात्र उतरलं. उतरू दे. चूक ती चूक.

भाषा तशी नखरेल आहे. आवाज तोंडातून निघतो आणि अर्ध्या वाटेत नाकात वळतो. एका क्रियापदाची पन्नासाच्या वर रूपं. मी जाते निराळं, आम्ही जातो निराळं, गेलो असतो तर आणखी निराळं. नामांना दोन लिंगं. आपल्याकडे तीन आहेत, त्यामुळे मी काही घाबरले नाही. चावी, फीत, पगार, कोबी, बटाटा हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आले हे सरांनी सांगितलं तेव्हा वर्ग केवढा खूश! जसं काही प्रत्येकाच्या घरी चाळीस-पन्नास शब्द आयते येऊन पडले.

९ फेब्रुवारी

माझ्या वर्गात आज सरांचा पहिला दिवस. मी नियम सांगितला, सगळ्यांना सांगते तोच. पहिले सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. फक्त ऐकायचं आणि लिहायचं. माझ्या गुरूंनी, एका म्हाताऱ्या बर्मी बाईंनी, मला असंच शिकवलं. कान तयार झाल्याशिवाय जीभ हलवली की ती जन्मभर वाकडी राहते. बर्मीत सुरावर सगळं आहे. एकच 'सा' साध्या सुरात म्हटला तर लिहिलेला मजकूर, उंचावून लांबवला तर खाणं, गळा आखडून तोडला तर सुरुवात. सहा आठवड्यांनंतर एकेकाने उभं राहून बोलायचं आणि सूर चुकला तर तेच वाक्य दहा वेळा.

सर म्हणाले, "आणि मधल्या सहा आठवड्यांत काही विचारायचं असेल तर?"

"चिठ्ठी लिहा," मी म्हटलं.

वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. याला म्हणतात शिकवणं.

गोदीतला क्रेनवाला आज आला नाही. त्याची पाळी बदलली म्हणे, आता जमणार नाही. चांगला होता, पण नेमका उभं राहून बोलायची वेळ आली की त्याच्या पाळ्या बदलतात. गेल्या वर्षीही दोघांचं असंच झालं होतं, एकाची पाळी आणि एकीची पाठ. लोकांच्या नोकऱ्याच अशा. पाच उरले.

१३ फेब्रुवारी

आज सरांनी नियम मोडला. त्यांनी बोलायचं नव्हतंच, पण मी फळा पुसत असताना त्यांनी शेजारच्याला बर्मीत स्वतःची ओळख करून दिली. बर्मीत 'मी' हा शब्द बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा. माझं ऐकून ऐकून सरांनी बाईचा उचलला. सहा फुटी माणूस, मिशा, आणि म्हणतो "मी एक शिक्षिका आहे"! पाचही जण खो खो हसले. वर्गातली नर्स, आमची सिस्टर, तर बाकावर डोकं ठेवून हसली. माझ्या वर्गात असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "इथे नाटकं चालणार नाहीत." सगळ्यांनी वह्या उघडल्या. सर 'चुकलं' म्हणाले आणि खाली बसले. कान लाल झाले होते त्यांचे.

१७ फेब्रुवारी

शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना आमची चांगलीच जुंपली. मी सहज म्हटलं, पोर्तुगीज काय, कोणीही शिकेल. सर चिडले. पहिल्यांदाच बघितलं मी त्यांना चिडलेलं. म्हणाले, "पन्नास रूपं आहेत क्रियापदाला! शिवाय 'असणे' एक नाही, दोन आहेत. कायमचं असणं निराळं आणि तात्पुरतं असणं निराळं. वर्षानुवर्षं माणसं अडखळतात."

"आमच्या लिपीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत," मी म्हटलं. "कुठे शब्द संपला ते डोळ्यांनी ओळखायचं. सगळी अक्षरं गोल. आणि माणसं मोजायला एक शब्द, जनावरं मोजायला दुसरा, गोल वस्तू मोजायला तिसरा."

"आमच्याकडे नाकातले स्वर."

"आमच्याकडे गळ्यातले सूर!"

"आमची भाषा दहापैकी नऊ अवघड," सर म्हणाले.

"आमची दहापैकी दहा," मी म्हटलं आणि कप आपटून बाहेर पडले. शिपाई हसत होता. हसू दे.

घरी जेवताना दादाला हे सांगितलं. तो घास खाली ठेवून म्हणाला, "दुकानदार कधी 'आमचा माल महाकडक, चावता येणार नाही' असं सांगतो का गं?" याला काय कळतंय!

२० फेब्रुवारी

तक्ता दिला. अवघडपणा: दहापैकी दहा. लागणारा काळ: किमान चार वर्षं. कारणं म्हणून वेगळी तीन पानं जोडली. सूर, लिपी, मोजायचे शब्द, लिहायची भाषा एक आणि बोलायची दुसरी, सगळं आलं. बर्मीत क्रियापद शेवटी येतं, वाक्य थेट आपल्या मराठीसारखं चालतं, क्रियापद माणसागणिक बदलत नाही, दुःख, सुख, भाषा, चित्त हे आपलेच शब्द पालीतून तिकडे जाऊन बसलेत, हे मात्र लिहिलं नाही. उगाच भाषेचं वजन कमी होतं. काय लिहायचं याची अक्कल आहे मला.

बाईंनी पानं चाळली आणि हसल्या. "छान. अगदी सविस्तर," म्हणाल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक.

२७ फेब्रुवारी

आज वर्ग सुटल्यावर सिस्टर थांबली. ही माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. मोठ्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. गोदीत बर्मी खलाशी येतात, पडतात, झडतात, म्हणून शिकते. लेखीत तिला पन्नासपैकी सत्तेचाळीस.

म्हणाली, आजच एक बर्मी खलाशी भरती झालाय. जहाजाच्या शिडीवरून पडला, पायाला मोठी जखम, हाड मोडलंय. पायाचं सगळं केलं, तरी कण्हतोय. सारखा हात डोक्याच्या बाजूला नेतो. "उशी हवी असेल म्हणून आम्ही दिली एक, मग आणखी एक. तरी तेच. मॅडम, मला 'कुठे दुखतं' हे वाक्य येत होतं. लिहिता येतं. ओठावर आलं होतं. पण सूर चुकला तर, असं वाटलं आणि मी नाहीच बोलले. पट्टी बदलली आणि आले."

मी म्हटलं, "बरं केलंस. 'दुखणं' आणि 'विसावणं' यांत फक्त सुराचा फरक आहे. त्याला 'कुठे विसावता?' असं विचारलं असतंस. शोभलं असतं का? तयारी झाली की बोल."

ती काही तरी म्हणणार होती, पण 'हो मॅडम' म्हणून गेली. अशी शिस्त हल्ली बघायला मिळत नाही. आज मला तिचा फार अभिमान वाटला.

२ मार्च

बंद! बर्मी बंद!

बाईंनी बोलावून सांगितलं. समिती बसायचीच आहे, पण शिफारस तयार आहे. माझा तक्ता समोर ठेवला आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. "तुम्हीच लिहिलंय की. दहापैकी दहा. चार वर्षं. आपल्याकडे लोक चार महिने देतात मॅडम. इतकी अवघड भाषा ठेवून करायचं काय?"

मी म्हटलं, सरांनीही नऊ लिहिलेत, मग पोर्तुगीजही बंद करा. बाईंनी सरांचा तक्ता काढून दाखवला. अवघडपणा: चार. खाली एक ओळ, 'पहिल्या दिवसापासून बोलता येते.'

चार! मला तोंडावर नऊ सांगितलं आणि कागदावर चार! तडक त्यांच्या वर्गात गेले. चाळीस माणसांसमोर म्हटलं, "तुम्ही दगाबाज आहात."

ते शांतपणे बाहेर आले, दार ओढून घेतलं. म्हणाले, "चहाच्या वेळी मी तुमच्याशी भांडत होतो. तक्ता भरताना शिकायला येणाऱ्याचा विचार केला. तुम्ही दोन्ही वेळा माझ्याशीच भांडलात." मग म्हणाले, "मी चार लिहिलं त्या दिवशी तुम्हाला सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, चिठ्ठी लिहा."

चिठ्ठी माझ्या पुस्तकात सापडली. वाचलीच नव्हती. 'दहा लिहू नका. बर्मी दहा नाही. मी दहा दिवस शिकतोय, मला माहीत आहे.' मेल्याचं अक्षर मात्र सुरेख आहे.

३ मार्च

झोप नाही, भूक नाही. वहिनीने ताट वाढून खोलीत आणलं. मी म्हटलं, जगाला अवघड गोष्टी नकोच आहेत, सगळ्यांना सोपं हवं. वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. "वन्सं, रागावू नका. आमच्या पोरीला लहानपणी तुम्ही गणित शिकवायला घेतलंत ते आठवतं? ती आजही बाजारात मनातल्या मनात हिशेब करत नाही. कागद मागते."

"तिला गणितात गोडीच नव्हती!"

"हो," वहिनी म्हणाली. "तुमच्याकडे यायच्या आधी होती."

मी ताट परत पाठवलं.

६ मार्च

उलट्या बाकाचा महिना आज संपला. शेवटच्या दिवशी बसलेल्या शिक्षकाने वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं असतं. मला भांडण झाल्यावर जायचंच नव्हतं, पण पळून गेली असं कोणी म्हणायला नको. लेखीत मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस होते. पन्नास रूपं पाठ. ताठ मानेने उभी राहिले.

आणि घसा बंद झाला.

सगळं डोक्यात होतं. पहिलं वाक्य 'मी शिकवते'. पण त्यातला स्वर नाकात किती वळवायचा ते चुकलं तर? सगळे बघतायत. चाळीस जण. मी, एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी. जीभ टाळूला चिकटली. किती वेळ उभी होते कोण जाणे. आजीबाई, ज्यांची मी चूक काढली होती त्या, पुढच्या बाकावरून पोर्तुगीजमध्ये म्हणाल्या, "बाई चांगली. बाई घाबरली. पाणी?" तीन वाक्यांत तीन चुका होत्या आणि मला सगळं कळलं. मी मान हलवली. पाणी प्यायले. एक शब्द न बोलता बाकावर येऊन बसले.

जिन्यात मला सिस्टर आठवली. 'ओठावर आलं होतं,' म्हणाली होती. आणि मी काय म्हटलं होतं? बरं केलंस.

७ मार्च

क्रेनवाल्याला फोन लावला. म्हटलं, खरं सांग, पाळी बदलली होती का? मग म्हणाला, "मॅडम, मी साठ फुटांवर लोंबकळत काम करतो, मला भीती ठाऊक नाही. पण तुमच्यासमोर उभं राहायचं म्हटलं की पाय लटपटतात. पाळी तीच आहे."

गेल्या वर्षीच्या दोघांनाही फोन केला. पाठ दुखत नव्हती तिची.

एकोणीस वर्षं मला वाटत होतं, भाषा अवघड म्हणून माणसं जातात. आणि मी ते मिरवत होते! लाज वाटते लिहायला, पण ही वही डाफरायलाच आहे, तर आज स्वतःवर.

१० मार्च

आज सिस्टरबरोबर इस्पितळात गेले. अकरा दिवस झाले त्या खलाशाला. अकरा दिवसांत एकदाही मला सुचलं नाही की उठावं आणि आपणच जाऊन बोलावं. मला वाक्यांची काळजी होती, माणसाची नव्हती.

वॉर्डात शेवटची खाट. भिंतीकडे तोंड करून पडला होता, पंचविशीचा असेल. मी बोलले असते तर दोन मिनिटांत सगळं झालं असतं. पण सिस्टरला म्हटलं, "तू विचार. मी मागे उभी आहे. चुकलीस तर मी काही म्हणणार नाही."

"नक्की ना?" तिने विचारलं. मला! मी मान हलवली.

तिने विचारलं, कुठे दुखतं? सूर साफ चुकला. विसावताच केलं तिने त्याचं. माझ्या तोंडाशी दुरुस्ती आली. ओठ दातांखाली धरले.

त्याने मान वळवली. डोळे मोठे झाले. आणि धाड धाड बोलायलाच लागला, अकरा दिवसांचं साठलेलं. सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हळू बोला म्हण. तिने सांगितलं. तो हळू बोलला. पाय बरा आहे. खांदा. पडलो तो खांद्यावर पडलो. मी हात लावून दाखवतो आणि तुम्ही उशी देता. त्याच्या डोक्याखाली तीन उश्या होत्या.

सिस्टरचा हात तिनेच दिलेल्या उशीवर होता, तो तसाच राहिला. मग डॉक्टरांना बोलवायला धावली. फोटो काढला. खांद्याजवळचं हासळीचं हाड तडकलेलं. पाय रक्ताने भरलेला होता, सगळ्यांनी पायच बघितला.

ते अकरा दिवस माझे आहेत. सिस्टर म्हणते, माझेही. मी तिला म्हटलं, तुझे नाहीत. तू विचारणार होतीस.

१२ मार्च

वर्गात आज नियम मोडला. म्हटलं, सगळ्यांनी बोला, चुका, मला दुरुस्त करू देऊ नका. मी फळ्याकडे पाठ करून हाताची घडी घालून बसले, इतका त्रास होत होता. क्रेनवाला आला होता. सरही. मी म्हटलं, तुमचा महिना संपला. ते म्हणाले, "आवड लागली." एवढी बर्मी कशाला हवीय त्यांना, कळत नाही. घरी सांगितलं तर पुतणी फिस्सकन हसली आणि कशाला हसली ते सांगेना.

१५ मार्च

समिती. तीन माणसं, संचालकबाई, लांब टेबल. मी म्हटलं, माझा तक्ता मला द्या, चुकीचा आहे.

"एकदा दिलेला तक्ता बदलता येत नाही," बाई म्हणाल्या.

"बदलत नाही. खोडते." आणि त्यांच्या हातातून घेऊन सगळ्यांसमोर खोडला. दहावर रेघ. चार वर्षांवर रेघ. तीन पानं फाडली. मग तोंडाने सांगितलं. पोर्तुगीजमध्ये क्रियापदं पन्नास रूपांनी छळतात, बर्मीत क्रियापद सगळ्यांशी सारखं वागतं. पोर्तुगीज वाक्य आपल्याला उलटं वाटतं, बर्मी वाक्य मराठीच्या चालीने चालतं. पोर्तुगीजने आपल्याला भाजीबाजारातले शब्द दिले, बर्मीत आपलं सुख आणि दुःख जाऊन राहिलंय. एक नाकातून छळते, एक गळ्यातून. अवघड दोन्ही नाहीत. अवघड मी होते. एकोणीस वर्षं मी माणसांना तोंड उघडू दिलं नाही आणि दोष भाषेला दिला.

चष्मेवाल्या सदस्याने विचारलं, "मग तुम्हाला तरी कशाला ठेवायचं?"

"मला ठेवू नका," मी म्हटलं. "भाषा ठेवा. गोदीत आज दोन बर्मी जहाजं उभी आहेत."

सरांनाही विचारलं. ते म्हणाले, खोली बर्मीला द्या, माझे चाळीस जण कुठेही शिकतील. बाईंनी टिपणवही मिटली.

१८ मार्च

पत्र आलं. बर्मी बंद, एक तारखेपासून. दोन ओळी, तिसरी आभाराची. दादाने विचारलं, "आता?" मी म्हटलं, आता काय? खोली त्यांची आहे. बर्मी काय त्यांच्या कपाटात ठेवलेली नाही. वर्ग होणार. जिन्यात घेईन, गोदीच्या फाटकावर घेईन, मला कोण अडवतंय बघते. दादाने वहिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "वाढ हिला. भूक लागलीय तिला." खरंच लागली होती. दोनदा वाढून घेतलं.

१९ मार्च

इस्पितळाच्या मेट्रनचा फोन. सिस्टरने सगळं सांगितलेलं दिसतंय. चादरी ठेवायची खोली आहे, मंगळवार-शुक्रवार दुपारी चार ते पाच रिकामी असते. नर्सा येतील. "किती जणी?" मी विचारलं. "चौदा," मेट्रन म्हणाल्या. "पण एक अट आहे. पहिल्या दिवसापासून बोलायला शिकवायचं. माझ्याकडे सहा आठवडे नाहीत." मी म्हटलं, माझ्याकडेही नाहीत.

२३ मार्च

पहिला वर्ग. भिंतभर चादरींच्या चवडी, मधे चौदा जणी स्टुलांवर, दोन उलट्या बादल्यांवर क्रेनवाला आणि सर. सिस्टरने खलाशाला चाकाच्या खुर्चीतून आणलं, हात गळ्यात अडकवलेला. म्हणाली, याच्याशी बोलून बघू.

मी सुरुवात केली. सुरेख, घोटीव, गुरूंनी दिलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. एक सूर इकडचा तिकडे नाही.

तो हसायला लागला. हसता हसता खांदा दुखला तरी थांबेना. म्हणाला, "बाई, तुम्ही पुस्तकासारखं बोलता. आमच्याकडे असं आता कोणी बोलत नाही. माझ्या पणजीच्या वेळचं आहे हे." आणि त्याने आजचं वाक्य सांगितलं, छोटं, घाईचं, अर्धे शब्द गिळलेलं.

सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. कान तापले माझे. एकोणीस वर्षं मी जिचा सूर चुकत नाही म्हणून मिरवले, ती भाषा मला येतच नव्हती, निदान त्याची तरी नाही.

मी त्याचं वाक्य म्हटलं. चुकलं. त्याने मान हलवली, नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं आणि आता सगळा वर्ग हसत होता, सर सगळ्यांत मोठ्याने. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "हळू बोल. मी शिकतेय."